मेलेला माणूस कुठल्या टीमचा?

आर्मा ३ हा युद्धाचा कॉम्प्युटर गेम आम्ही काही जण शनिवारी रात्री खेळतो आणि मिशन बनवायचं काम माझ्या गळ्यात, कारण बाकीच्यांना फक्त गोळ्या झाडायच्या असतात. यावेळची फर्माईश अगदी साधी होती, स्क्रीनच्या कोपऱ्यात वेस्ट आणि ईस्ट दोन्ही टीमचे किती किती जण आहेत ते दिसू दे, म्हणजे सगळे एकाच बाजूला घुसले (घुसतातच) की ओरडायला बरं. एका ओळीचं काम हो. ऑलप्लेयर्स ही सगळ्या खेळाडूंची यादी घ्यायची, काउंटसाइड ही बाजू मोजणारी कमांड लावायची, वेस्ट किती ईस्ट किती, विषय संपला.

पहिली गोळी सुटेपर्यंत आकडे चोख. मग वेस्टचा एकजण मेला आणि गेला कुठे, तर नागरिकांत! या गेममध्ये माणूस मेला की त्याची साइड सिव्हिलियन होते. म्हणजे मिशनभर छातीठोकपणे वेस्टकडून लढा, प्राण गेला की त्याच क्षणी तुम्ही सामान्य जनता. जरा मोठी चकमक झाली की रिस्पॉन (मेलेले परत जिवंत) होईपर्यंत बोर्डावर वेस्ट दोन, ईस्ट तीन, नागरिक सात, बघणाऱ्याला वाटावं आठवडी बाजार भरलाय.

जखमींची वेगळीच तऱ्हा. आमची रिवाइव्ह स्क्रिप्ट, म्हणजे पडलेल्याला सोबत्याने उठवायची सोय, त्याला कॅप्टिव्ह (कैदी) करते, म्हणजे समोरचे एआय (कॉम्प्युटरने चालवलेले) सैनिक त्याच्यावर गोळ्या झाडत नाहीत. सोय छान, पण कॅप्टिव्हसुद्धा मोजताना सिव्हिलियनच. पठ्ठ्या जिवंत आहे, व्हॉइसवर "अरे कुणीतरी उचला रे" म्हणून बोंबलतोय, आणि हिशोबात त्याचा या युद्धाशी काडीचा संबंध नाही.

तेवढ्यात एकूण बेरीज एकाने जास्त यायला लागली. तो निघाला हेडलेस क्लायंट. एआयचा भार सर्व्हरवरून उचलायला जोडलेला प्रोग्रॅम, ना तोंड ना बंदूक, तरी ऑलप्लेयर्समध्ये मानाने हजर. त्याला वजा केला. त्यावर एका मित्राने सुचवलं की त्यापेक्षा प्लेएबलयुनिट्स, म्हणजे खेळाडूंसाठी ठेवलेल्या जागांवरचे सैनिक मोज ना, पण त्यात रिकाम्या स्लॉटवर बसवलेले एआयपण येतात, तेव्हा मित्राला म्हटलं तू गोळ्याच झाड.

आणि आमच्यात एक महाशय आहेत जे आधी ग्रेनेड टाकतात मग कुठे टाकला ते बघतात. आपलीच माणसं मारून रेटिंग उणे २००० च्या खाली गेलं की हा गेम माणसाला सरळ गद्दार ठरवतो, मग तो वेस्टमध्येही नाही आणि ईस्टमध्येही नाही, आणि स्वतःचेच एआय त्याच्यावर गोळ्या झाडतात. (हे मला तरी न्याय्य वाटतं.)

शेवटी माणसाची साइड विचारणंच सोडलं, त्याच्या ग्रुपची विचारतो. ग्रुप वेस्टचा तर माणूस वेस्टचा, मग तो बेशुद्ध असो की गद्दार. आकडे आता जुळतात. फक्त ग्रेनेडवाले महाशय परत वेस्टमध्ये धरले जातात म्हणून वेस्टच्याच दोघांनी हरकत घेतलीये, त्यांचं म्हणणं याला ईस्टमध्ये मोज, आणि ईस्टवाले म्हणतात आमच्याकडे जागा नाही.