साक्षीदार भरपूर, मुद्देमाल कुठे आहे?

गेले काही दिवस आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच विषय पेटलाय. तिथे बोलायचंय सगळ्यांना, ऐकायचं कुणालाच नाही. म्हणून मी इथे सविस्तर लिहितेय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझ्या बहिणीचा मुलगा सिएटलला असतो. मित्रांबरोबर कॅस्केड पर्वतात ट्रेकला गेला होता. संध्याकाळी उतरताना झाडांच्या आड त्याला काहीतरी दिसलं. उंच, काळपट तपकिरी, अंगभर केस, दोन पायांवर उभं. तीन-चार पावलं चाललं आणि दिसेनासं झालं. त्याने ग्रुपवर लिहिलं, ‘मावशी, शप्पथ, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बिगफूटच होता.’ बिगफूट म्हणजे अमेरिकेतल्या जंगलांत फिरतो म्हणतात तो केसाळ, माणसासारखा महाकाय. फोटो नाही. फोन बॅगेत होता.

झालं. एक दादा म्हणाले, ‘किती बाटल्या झाल्या होत्या?’ एका वहिनींनी रात्रीतून यूट्यूबचे अकरा व्हिडिओ पाठवले. आणि आमच्या दांडिया बाजारातल्या आत्यांनी थेट जांबुवंत काढला. पुराणात आहे म्हणजे असणारच! (पुढे वाचलंत तर कळेल, सगळ्यांत जवळ आत्याच पोचल्या होत्या.)

मी बडोद्यात वकिली करते. अपघाताचे दावे आणि थोडी फौजदारी. ‘साहेब, माझ्या डोळ्यांनी पाहिलं’ हे वाक्य माझ्या रोजच्या कामातलं आहे. त्यामुळे माझं मत ऐका: पोराची चेष्टा करणारे चुकतायत आणि त्याला डोक्यावर घेणारेही. पोरगा खोटं बोलत नाहीये. खोटं बोलणारा साक्षीदार खरं तर वकिलाला परवडतो. चार प्रश्न उलटसुलट विचारले की गोष्ट उसवते. अवघड जातो तो प्रामाणिकपणे चुकलेला साक्षीदार. त्याच्याकडे लपवायला काही नसतं, नजर स्थिर असते, आवाज कापत नाही. आणि गाडीचा रंग मात्र तो चुकीचा सांगतो.

आता जांबुघोड्याच्या जंगलातली गोष्ट. मोहाच्या फुलांचे दिवस होते, दोन घरची मंडळी जीपने गेलो होतो. दिवेलागणीची वेळ. अचानक माझ्या दिरांनी ड्रायव्हरचा खांदा धरला. रस्त्यापासून थोडं आत, झाडाखाली कुणीतरी उभं होतं. दीर म्हणाले, काळं घोंगडं पांघरलेला माणूस आहे. जाऊबाई म्हणाल्या, दोन माणसं आहेत. त्यांच्या मुलाने ‘गोरिला!’ म्हणून किंचाळी फोडली. पुढे बसलेल्या फॉरेस्ट गार्डने मागे वळूनही न बघता सांगितलं, ‘बेन, ए तो रींछ छे. महुडा खावा आव्युं छे.’ मी त्या वेळी सीटखाली घरंगळलेली पाण्याची बाटली शोधत होते, त्यामुळे मला काहीच दिसलं नाही. म्हणूनच की काय, माझी आठवण अजून साफ आहे. दिरांचं अस्वल मात्र वाढत चाललंय. त्या रात्री ते माणसाएवढं होतं, दिवाळीला दाराच्या चौकटीएवढं झालं, आणि गेल्या लग्नात त्याने जीपच्या दिशेने पाऊलही टाकलं होतं.

दीर थापाडे नाहीत. त्यांना ते खरंच तसं आठवतं.

ज्याला शंका असेल त्याने दोन प्रयोग वाचावेत. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्यांचा चुराडा झाला तेव्हा वेग किती होता? आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच फिल्ममध्ये नव्हतीच. पण ‘चुराडा’वाल्यांपैकी ३२ टक्क्यांना ती दिसलेली होती, ‘लागल्या’वाल्यांपैकी १४ टक्क्यांना. सरतपासात, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला तपासताना, उत्तर सुचवणारे सूचक प्रश्न विचारायला मनाई का असते, हे ज्युनियरांना समजावताना मी हेच उदाहरण देते. आता त्या अकरा व्हिडिओंमधला कुठलाही लावा. मुलाखत घेणारा विचारतो, ‘आठ फूट तरी असेल ना?’ समोरचा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, ‘हो, सहज!’

दुसरा प्रयोग १९९९ चा, सायमन्स आणि शाब्री यांचा. बास्केटबॉलचे पास मोजायला सांगितलं आणि खेळाच्या मधून गोरिलाच्या पोशाखातला माणूस चालवला. मधोमध थांबून त्याने छाती बडवली. साधारण निम्म्या प्रेक्षकांना तो दिसलाच नाही. समोरचा गोरिला ज्यांना दिसत नाही तेही आपणच, आणि अंधुक उजेडात झाडाआड ज्यांना तो दिसतो तेही आपणच.

बरं, भाच्याला दिसलं काय? तिथल्या जंगलात काळं अस्वल भरपूर. नाव काळं, पण रंगाने तपकिरीही असतं. वास घ्यायला किंवा लांबचं बघायला मागच्या पायांवर उभं राहतं, दोन-चार पावलं टाकतंही. २०२४ मध्ये ‘जर्नल ऑफ झूलॉजी’त फ्लो फॉक्सन यांचा अभ्यास आला. अमेरिका-कॅनडात जिथे काळी अस्वलं जास्त, तिथे बिगफूट दिसल्याच्या नोंदीही जास्त. जंगल किती, माणसं किती, हे सगळं हिशेबात धरूनही दर हजार अस्वलांमागे नोंदी सरासरी ४ टक्क्यांनी वाढतात. आत्यांचा जांबुवंत तो हाच.

यावर ग्रुपमधले इंजिनियर साहेब म्हणाले, ‘पण ताई, हजारो लोक खोटं पाहतील का?’ बिगफूट दिसल्याच्या नोंदी १९९५ पासून जमवणारी एक संस्था अमेरिकेत आहे, तिच्याकडे हजारांनी जबान्या आहेत हे खरं. पण आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १३४ काय म्हणत होतं? कुठलीही गोष्ट शाबीत करायला साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही. कायदा आता नवा आला, तत्त्व तेच राहिलं. साक्षीदार मोजायचे नसतात, तोलायचे असतात. एका भरवशाच्या साक्षीवर जन्मठेप होते, आणि पन्नास साक्षी उभ्या करूनही केस पडते. विशेषतः मुद्देमाल नसेल तेव्हा.

या केसमध्ये मुद्देमाल म्हणून जे जे हजर झालं त्याची यादी मोठी गमतीची आहे. १९७६ मध्ये एका बिगफूट शोधकाने त्याच्या अंगावरचे म्हणून काही केस एफबीआय या अमेरिकी तपाससंस्थेकडे पाठवले: निघाले हरणाचे. मेघालयात गारो टेकड्यांत मांडे बुरुंग नावाचा केसाळ महाकाय फिरतो म्हणतात, त्याचे केस २००८ मध्ये इंग्लंडला तपासले: निघाले गोरलाचे, म्हणजे हिमालयातल्या एका रानबकऱ्याचे. नेपाळच्या खुमजुंग गावातली यतीची म्हणून जपलेली टाळू एडमंड हिलरींनी १९६० मध्ये गावकऱ्यांच्या परवानगीने शिकागो-पॅरिसपर्यंत नेली: सेरो नावाच्या पहाडी प्राण्याच्या कातड्याची निघाली. २०१७ मध्ये यतीचे म्हणून सांगितलेले नऊ नमुने डीएनएला लावले. आठ अस्वलांचे आणि एक चक्क कुत्र्याचा. सगळ्या जंगलाचे केस सापडले, त्याचेच तेवढे नाहीत.

आणि बिगफूटची ती प्रसिद्ध फिल्म? २० ऑक्टोबर १९६७, कॅलिफोर्नियातला ब्लफ क्रीक. रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन घोड्यांवरून जात होते, ओढ्याकाठी केसाळ आकृती चालताना दिसली, तिने मागे वळून पाहिलं, जेमतेम मिनिटभराचं चित्रीकरण. मी ती फिल्म अनेकदा पाहिलीय आणि खरं सांगते, ते वळून बघणं अंगावर येतं. पण उलटतपास घ्यायचा तर पहिला प्रश्न असा: पॅटरसन तिथे कशाला गेले होते? याच प्राण्यावर चित्रपट करायला. दुसरा प्रश्न: याच ओढ्याची ख्याती कशाने झाली? १९५८ मध्ये रस्त्याच्या कामावर सापडलेल्या राक्षसी पावलांनी. ते काम घेतलेले रे वॉलेस २००२ मध्ये वारले आणि त्यांच्या घरच्यांनी लाकडात कोरलेली पावलं काढून दाखवली. यावरून फिल्म खोटी ठरत नाही. पण जागा आणि साक्षीदार दोन्ही आधीच कलुषित होते, एवढं कुठलाही न्यायाधीश लिहून ठेवेल. २००८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या दोघांनी फ्रीजरमध्ये प्रेत असल्याचं पत्रकार परिषद घेऊन जाहीर केलं, त्याबद्दल मी काही बोलत नाही. बर्फ वितळला आणि रबराचा सूट निघाला.

मला जे म्हणायचंय ते बडोदेकरांना लगेच पटेल. खरा प्राणी आल्यावर काय होतं, हे आपण बघितलंय.

फेब्रुवारी २०१९. महिसागर जिल्ह्यात लुणावाड्याजवळ एका शाळामास्तरांनी रस्ता ओलांडणारा वाघ पाहिला आणि गाडीतून मोबाइलवर फोटो घेतला. गुजरातेत त्याआधी जवळजवळ तीन दशकं वाघाची नोंद नव्हती. मास्तरांना हसणारे तेव्हाही होते, ‘बिबट्या असेल’ म्हणणारेही. पण वनखात्याने काय केलं? कॅमेरे लावले. थोड्याच दिवसांत वाघ कॅमेऱ्यात आला. आणि त्याच महिन्यात तो मेलेला सापडला. बिचारा कुठून कुठून चालत आला आणि आपल्याकडे येऊन मेला, त्याचं मला अजून वाईट वाटतं. पण माझ्यातला वकील विचारतो: एकटा वाघ, काही आठवड्यांचा मुक्काम, आणि फोटो, ठसे, कलेवर, सगळं फायलीत. उलट साठ-सत्तर वर्षांत हजारो वेळा दिसलेला तो महाकाय एकदाही म्हातारा झाला नाही, ट्रकखाली आला नाही, कुणाच्या कुत्र्याने त्याचं हाड घरी आणलं नाही? पुढे २०२५ मध्ये रतनमहालच्या जंगलातही वाघ कॅमेऱ्यात आलाच की. तेच रतनमहाल, जे आपल्याकडे अस्वलांसाठी प्रसिद्ध आहे.

बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या मगरींचं तर बोलायलाच नको. ऑगस्ट २०२४ च्या पुरात अकोट्याकडे घराच्या छपरावर बसलेली मगर कुणी पाहिली नाही? रस्त्यावर, सोसायटीत, पार्किंगमध्ये मगर, आणि प्रत्येकीचे निरनिराळ्या खिडक्यांतून काढलेले स्वच्छ व्हिडिओ. १९६७ मध्ये कॅमेरा क्वचित कुणाकडे असायचा. आज तो प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि बिगफूटचा फोटो अजून तितकाच धूसर. फार मागे जायचं तर कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये जा. १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी आलेल्या देवमाशाचा सांगाडा तिथे आहे, सत्तर फुटांच्या आसपास. त्या काळी कुणी ‘महीला देवमासा आलाय’ म्हटलं असतं तर आमच्या दादांनी त्यालाही बाटल्या विचारल्या असत्या.

हे दादांसाठीच सांगते. जंगलात राहणाऱ्यांचं ऐकायचं असतं. पहाडी गोरिला विज्ञानाच्या वहीत शिरला १९०२ मध्ये. अरुणाचलमधलं एक अख्खं माकड, अरुणाचल मकाक, त्याला शास्त्रीय नाव मिळालं २००५ मध्ये. तिथले लोक त्याला आधीपासून ओळखत होते, शेतातून हाकलतही होते. फरक एवढाच की लोकांनी सांगितलं, कुणीतरी जाऊन पाहिलं, आणि प्राणी तिथे होता. साक्ष ही पत्त्यासारखी असते. जाऊन दार वाजवायचं. अमेरिकेत हौशी लोक पिढ्यानपिढ्या ते दार वाजवतायत.

आणि वहिनींसाठी: मे २००१ आठवा. दिल्लीचा काला बंदर. उकाडा, लाइट गेलेली, लोक गच्चीवर झोपलेले, आणि कुणाला माकड दिसलं, कुणाला हेल्मेट घातलेला, कुणाला लोखंडी नखांचा. पोलिसांकडे शेकड्यांनी फोन. तपासात प्राणी निघाला नाही. पण घाबरून गच्चीवरून उड्या टाकलेली माणसं खरोखर मेली. ‘असेलही बाई, कुणास ठाऊक’ म्हणून पुढे ढकललेले व्हिडिओ मला म्हणून निरुपद्रवी वाटत नाहीत.

भाच्याला मी फोन केला आणि कुठलाही सूचक प्रश्न न घालता विचारलं. उजेड किती होता? अंतर कशाशी ताडून सांगतोस? हात दिसले का, कुठपर्यंत लोंबत होते? कान दिसले? सोबतच्यांशी बोलायच्या आधी काय वाटलं आणि नंतर काय? पोरगा शहाणा आहे, नीट उत्तरं दिली. अंतर त्याला सांगता येईना. कान होते म्हणाला, डोक्यावर, गोल. मग स्वतःच थोडा वेळ गप्प झाला. मी पुढे काही बोलले नाही.

जाता जाता, तो राहतो त्याच वॉशिंग्टन राज्यात स्कामेनिया नावाची काउंटी आहे. तिथे १ एप्रिल १९६९ ला बिगफूटला मारण्याविरुद्ध कायदा झाला. तारखेवर जाऊ नका, थट्टा नव्हती: दहा हजार डॉलर दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद. १९८४ मध्ये दुरुस्ती झाली, शिक्षा कमी केली आणि एक सुंदर तरतूद घातली: मारलेला जीव माणसासारखा आहे असं कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, ठरवलं तर मनुष्यवधाचा खटला, वानरासारखा ठरला तर या कायद्याखाली. म्हणजे तिथल्या कायद्यालाही प्रेत लागतंच. त्या कलमाखाली पहिला आरोपी उभा राहील तेव्हा मुद्देमाल आपोआप टेबलावर येईल. माझी सनद तिथे चालायची नाही, पण त्या तारखेला मागच्या बाकावर बसायला मी स्वखर्चाने जाईन. दादा, तिकीट तुम्ही काढणार असाल तर तुम्हीही चला.