पोह्यांबद्दल आपलं मत काय?

एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ५.९ आली, मधुमेहाच्या उंबरठ्यावर, की डॉक्टर औषध देत नाहीत, सल्ला देतात. त्यापेक्षा औषध परवडतं. "वजन थोडं उतरवा, खाण्याकडे लक्ष द्या," एवढं बोलून आमच्या डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. लक्ष द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारायला मग मी इन्स्टाग्रामवर गेले.

पूर्वी हे सोपं होतं. २०१८ च्या सुमारास मराठी घरांत दोनच पक्ष होते. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची माणसं दिवसातून दोनदाच आणि तेही ५५ मिनिटांच्या आत जेवायची. ऋजुता दिवेकरांची माणसं दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकायची आणि भातावर निर्धास्त तूप घ्यायची. लग्नात कुणी "तुम्ही कुणाकडचे?" विचारलं, तर मुलीकडचे की मुलाकडचे हे सांगण्याआधी माणूस "दीक्षित" म्हणून मोकळा व्हायचा. आमच्या घरात नवरा दीक्षित, मी दिवेकर. त्याने ५५ मिनिटांत संपवलेलं आणि मी दिवसभर चरलेलं, दोन्हींची बेरीज सारखीच यायची, त्यामुळे भांडण असं कधी झालं नाही.

पुढे महाराष्ट्रात सगळ्याच पक्षांचं जे झालं तेच इथेही झालं. आता गट इतके, की मूळ पक्ष कोणता ते ओळखू येत नाही. एक जण तेल बंद करतो, दुसरा फक्त बियांचं तेल बंद करतो, तिसरी बाई सकाळी उठून तेलच पिते. एक मुलगा गव्हावर इतका चिडलाय की गव्हाने त्याच्या घरच्यांना काही केलं असावं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने नियम काढले, की आरोग्याचा सल्ला देणाऱ्याने आपली पात्रता सांगावी आणि पात्रता नसेल तर हा वैद्यकीय सल्ला नव्हे हे स्पष्ट लिहावं. लिहितात ना! मोहरीएवढ्या अक्षरात, रीलच्या तळाशी, नेमकं जिथे लाइकचं बटण येतं तिथे.

शेवटी मी माझी स्वतःची परीक्षा काढली. अकाउंट उघडायचं, शोधायचं, आणि पोह्यांबद्दल काय म्हटलंय तेवढं बघायचं. डिग्री, दंडाचे स्नायू, फॉलोअर सगळं नंतर.

निकाल धक्कादायक लागला. एका कोचने पोह्यांना 'शुगर बॉम्ब' म्हटलं आणि ते म्हणताना मागे गंभीर संगीत लावलं. एकीने पोहे म्हणजे लोहाचा खजिना म्हणून जाहीर केलं. एकाने 'हेल्दी पोहे' शिकवले, त्यात पनीर, ब्रोकोली, मोड आलेले मूग आणि पोहे चवीपुरते. एकीने नुसतंच सांगितलं, "कमेंटमध्ये 'पोहे' लिहा, चार्ट पाठवते." लिहिलं. चार्ट आला नाही, पावडरीचा डबा आणि सवलतीचा कोड आला.

पावडरवाल्यांचा प्रोटीनचा हिशेबही करून पाहिला. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे माझ्या ६८ किलोंना सुमारे ५६. रीलमधला मुलगा किलोमागे २ म्हणतो, म्हणजे १३६. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम धरले तर दिवसाला २२ अंडी खाऊनही थोडं कमीच पडतं. सासूबाई म्हणाल्या, "त्यापेक्षा कोंबडीच सांभाळ."

नवऱ्याने मात्र एकच अकाउंट पक्कं धरलंय. १० हजार पावलांचा आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला, हे त्या अकाउंटने सांगितलं, आणि हा सोफ्यावर आडवा झाला. तरीही चालणं चांगलंच, हे त्याच रीलच्या उत्तरार्धात होतं. तिथपर्यंत हा पोचला नाही.

परीक्षेत एकच बाई पास झाली. आहारतज्ज्ञ, डिग्री सरळ लिहिलेली, विकायला काही नाही. ओट्यापाशी अंधुक उजेडात उभी राहून कंटाळवाण्या आवाजात सांगते, "एक वाटी खा, मटार-दाणे घाला, सोबत अंडं किंवा ताक घ्या, वरून शेव नको, दुसऱ्यांदा वाढून घेऊ नका." संगीतही नाही. शेवटच्या दोन सूचना सोडल्या तर बाई एकदम पटली.

पण एवढे पोहे शोधल्यावर इन्स्टाग्रामचा माझ्याबद्दल वेगळाच समज झालाय. आता सकाळी फोन उघडला की नागपूरचे तर्री पोहे, त्यांच्यामागे जिरावण मसाला भुरभुरलेले इंदुरी, आणि दुपारी चारला, बरोबर भुकेच्या वेळी, दडपे पोहे. माझ्या आहारतज्ज्ञ बाई त्या गर्दीत आठवड्यातून एखाद्या वेळी दिसतात.

परवा सासूबाई खांद्यावरून डोकावून एक दडपे पोह्यांचं रील शेवटपर्यंत बघत होत्या. माहेर कोकणातल्या माणगावचं, त्यामुळे तपासणी कडक. मग चष्मा काढत म्हणाल्या, "हिला धर गं. हिचं नारळाचं प्रमाण बरोबर आहे."