४५ अंशांचा तो झुकाव पायांच्या ताकदीवर नव्हता

गॅदरिंगचे दिवस आले की सोलापुरातल्या पालकांच्या आणि डान्स क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो. सोबत मायकेल जॅक्सनचा 'स्मूथ क्रिमिनल'मधला पांढऱ्या सुटातला फोटो. म्हणणं असं: तो ४५ अंशांत पुढे झुकला तो आधाराशिवाय, निव्वळ पायांच्या ताकदीवर. बुटांत शिसं भरलं होतं. रोज सराव केला तर तीन महिन्यांत कुणालाही जमेल. मूनवॉक त्यानेच शोधला. आणि सिनेमात अपयश आलं म्हणून तो गाण्याकडे वळला.

यातलं एकही विधान खरं नाही. पहिल्या तिनांवर विश्वास ठेवला तर मुलं तोंडावर पडतील, म्हणून त्यांनाच जास्त जागा देतोय.

"आधाराशिवाय झुकला." ढोबळ हिशेब करू. १७० सेंमी उंचीच्या माणसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ९४ सेंमीवर असतो. अंग ताठ ठेवून घोट्यातून झुकलं की तो पुढे सरकतो आणि बोटांच्या टोकापलीकडे गेला की तोल सुटतो. घोट्यापासून बोटांपर्यंत १८ सेंमी धरले तर ही हद्द ११ अंशांनाच येते. ४५ अंशांना गुरुत्वमध्य बोटांच्याही ४८ सेंमी पुढे असतो. तिथे पोटरी कितीही बळकट असली तरी उपयोग नाही. टाच जमिनीला धरून ठेवणारं काहीच नसल्यामुळे ती फक्त वर उचलली जाते.

'स्मूथ क्रिमिनल' हे गाणं ज्यात आहे त्या 'मूनवॉकर' या १९८८च्या सिनेमात हा झुकाव कमरेला बांधलेल्या तारांवर घेतला होता. त्या भागाचा दिग्दर्शक कॉलिन चिल्व्हर्स हा मुळात 'सुपरमॅन'सारख्या सिनेमातल्या स्पेशल इफेक्ट्सचा माणूस. पडद्यावर तारा लपवता येतात. रंगमंचावर मात्र गाणं चालू असताना मदतनिसांनी येऊन तारा अडकवायच्या आणि सोडवायच्या, हे अवघड. म्हणून जॅक्सन आणि त्याचे पोशाख करणारे मायकेल बुश व डेनिस टॉम्पकिन्स या तिघांनी बूट तयार केला आणि २६ ऑक्टोबर १९९३ रोजी त्याचं अमेरिकी पेटंट मिळवलं, क्रमांक ५२५५४५२. घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाची मागची बाजू आठवा: खिळ्याचं डोकं रुंद भोकातून आत जातं आणि अरुंद खाचेत अडकतं. बुटाच्या टाचेत तशीच खाच होती. ऐन वेळी रंगमंचातून मोठ्या डोक्याची खुंटी वर यायची, पाय पुढे सरकवला की टाच तिच्यात अडकायची. पाय मागे घेतला की मोकळी.

"बुटांत शिसं होतं." ६५ किलोच्या माणसाला नुसत्या बुटांच्या वजनाने ४५ अंशांत तोलायचं तर वरच्याच हिशेबाने दोन्ही बुटांत मिळून सुमारे २६० किलो लागतील. असले बूट घालून पाऊलही उचलणार नाही, नाचायचं तर दूरच.

"सरावाने जमेल." चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतल्या न्यूरोसर्जननी २०१८ मध्ये या झुकावावर एका वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. कमरेतून वाकताना पाठीच्या कण्याचे स्नायू भार घेतात. वाकण्याचा अक्ष कमरेऐवजी घोट्यावर आला की भार पोटरीवर आणि टाचेमागच्या जाड शिरेवर, म्हणजे अकिलीस टेंडनवर जातो, हा त्यातला मुख्य मुद्दा. तेव्हा भिंतीसमोर रोज थोडं जास्त झुकत जाण्याने मिळतं ते टेंडनचं दुखणं.

कुणी असा बूट आणि खुंटी करून घ्यायचा बेत करत असेल तर तोही सोडावा. दोन्ही टाचांत मिळून १३५ किलोंच्या आसपास वरची ओढ बसते, हिसका बसला तर आणखी. हुतात्मा स्मृतिमंदिरासारख्या नाट्यगृहाच्या रंगमंचाला भोक पाडण्याचा प्रश्नच येत नाही, आणि शाळेच्या मैदानावरच्या तात्पुरत्या स्टेजच्या प्लायमधून स्क्रू उपटून येतील. त्यापेक्षा २० अंशांवर थांबा. गडद कपड्यातल्या मोठ्या माणसाने मागून पट्टा धरला तर ६५ किलोच्या नर्तकालाही साधारण १० किलोंची ओढ पुरते. नर्तक प्रेक्षकांना बाजूने दिसेल असा उभा करा, म्हणजे तेवढाही कोन ठसठशीत दिसतो. धरणाऱ्याने पट्टा आधी ताणून घ्यायचा. ढिला पट्टा एकदम ताणला गेला की दोघांचाही तोल जातो.

"मूनवॉक त्यानेच शोधला." १९४३च्या 'केबिन इन द स्काय' या सिनेमात नर्तक बिल बेली ही मागे सरकण्याची चाल करताना दिसतो. १९८२ मध्ये जेफ्री डॅनियल या नर्तकाने ती ब्रिटिश टीव्हीवर केली. जॅक्सनने ती २५ मार्च १९८३ रोजी अमेरिकेतल्या पासाडेना शहरातल्या कार्यक्रमात केली, मे महिन्यात तो टीव्हीवर दाखवला गेला आणि चाल जगभर पोचली. हे श्रेय पुरेसं मोठं आहे. मुलांना हीच चाल शिकवावी: डावा पाय चवड्यावर, टाच वर, सगळं वजन त्यावर. उजवा पाय सपाट, बिनवजनाचा, मागे ओढायचा. तो मागे पोचताक्षणी उजवी टाच वर, डावी खाली, वजनाची अदलाबदल. पाय अडखळतो तो बहुधा सपाट पायावर वजन राहिल्यामुळे, नाहीतर स्टेजवरच्या मॅटमुळे. मॅटवर हार्डबोर्ड टाकून कडा टेपने चिकटवा. टाल्कम पावडर टाकू नका, पुढच्या नाचातली मुलं घसरतात.

"सिनेमात अपयश, म्हणून गाणं." क्रमच उलटा आहे. १९६९ पासून भावांबरोबर तो गाजत होता. १९७२ मध्ये 'बेन' सिनेमासाठी तेरा वर्षांचा असताना त्याने गायलेल्या गाण्याला ऑस्करचं नामांकन होतं. १९७८चा 'द विझ' तिकीटबारीवर पडला हे खरं, पण संगीत निर्माता क्विन्सी जोन्सशी त्याचं काम जुळलं ते त्याच सिनेमामुळे आणि पुढच्याच वर्षी त्याचा 'ऑफ द वॉल' हा अल्बम आला. मेसेजमधला तो पांढरा सूट आणि ती टोपीसुद्धा सिनेमातूनच आली आहे: १९५३च्या 'द बँड वॅगन'मधल्या नर्तक-नट फ्रेड अस्टेअरच्या पोशाखावरून.