दोन उन्हाळ्यांत कॉम्प्युटर कसा संपवावा

कॉम्प्युटर घ्यायला निघालात? मग त्यावर काम काय करायचंय हा विचार घरीच ठेवून निघा. सोलापुरात नवी पेठेतल्या कुठल्याही दुकानाची पायरी चढलात की पहिलं वाक्य ठरलेलं असू द्या: "आय-फाइव्ह दाखवा ओ." हा प्रोसेसर कितव्या पिढीचा, हे विचारू नका. विचारलंत तर समोरच्याला उत्तर द्यावं लागेल आणि दोघांचाही वेळ जाईल. दुसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह २०११ सालचा, बाराव्या पिढीचा आय-थ्री २०२२ सालचा. हा धाकटा त्या थोरल्याला सहज दमवतो. पण पाच हा आकडा तीनपेक्षा मोठा असतो, हे पहिलीतलं गणित कोण नाकारणार? शिवाय डब्यावरचा स्टिकर नवा कोरा असतो.

हार्ड डिस्क फिरणारीच घ्या, एक टीबीची. बटण दाबून चहा पिऊन आलं तरी चालतं. २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, घेतलीत तर तोच कॉम्प्युटर पंधरा-वीस सेकंदांत उघडेल आणि चहाचं निमित्त जाईल.

खरा पैसा बॉक्सवर घाला. समोर काच, आत सात रंगांत झगमगणारे पंखे. पाहुणे आले की तेच बघतात. एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, कुणी बघत नाही, म्हणून तो बॉक्ससोबत फुकट आलेलाच राहू द्या. त्यावर ४५० वॅट लिहिलेलं असतं. लिहायला काही खर्च येत नाही. हातात घेऊन वजन करू नका, हलका लागेल. आत ट्रान्सफॉर्मर चिमुकला, हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून हवेत सोडणारी धातूची पाती, पातळ पत्र्याची, आणि इनपुटला फिल्टर व एमओव्ही बसवायची जागा मोकळीच, बोर्डावर नुसती भोकं. एमओव्ही म्हणजे लाइनवर अचानक चढलेल्या व्होल्टेजचा मार स्वतःवर घेणारी छोटी चकती. किंमत जेमतेम काही रुपये. म्हणूनच ती वाचवली जाते. लेबलावर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत तेही वाचू नका. तिथं बऱ्याचदा १४ किंवा १६ असतं. बाराने गुणलं की दोनशे वॅटसुद्धा भरत नाहीत आणि आपण ४५० चे पैसे कशाचे दिले, असा वाईट विचार मनात येतो.

आता अर्थिंग. थ्री-पिन प्लगची जाड पिन जुन्या बोर्डात बसत नसेल तर पक्कडीनं मोडून टाका. थोड्याच दिवसांत बॉक्सला हात लावला की बोटाला झिणझिण्या येऊ लागतील. "करंट मारालाय" म्हणून वायरमनला बोलवायची गरज नाही. त्यामागं सरळ विज्ञान आहे. बऱ्यापैकी एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेजकडून एक आणि न्यूट्रलकडून एक असे दोन छोटे कपॅसिटर बॉक्सच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तो बारीकसा प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध लटकतो, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, साधारण ११५ व्होल्टला. माणूस मरण्याइतका प्रवाह त्यात नसतो, पण टीव्हीचं एचडीएमआय किंवा प्रिंटरचं यूएसबी पोर्ट मरण्याइतका असतो, तेही चालू मशीनला केबल लावताना-काढताना. उपाय सोपा: रबरी चप्पल घालून बसा. पोर्ट गेलं की 'चायनाचा माल' म्हणायचं.

मल्टीमीटर घेऊन फेज ते अर्थ २३० च्या जवळपास येतं का, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत आहे का, हे तपासणारे लोक असतात. त्यांच्या नादाला लागू नये. सोलापूरच्या चैत्र-वैशाखात जमीन कोरडी ठक्क पडते, अर्थिंगच्या खड्ड्यातला मीठ-कोळसा वाळतो आणि रोध वाढतो, म्हणून त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं असं शास्त्र सांगतं. नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या गावात हे शास्त्र सांगणाऱ्याला गल्लीत मार पडेल, तेव्हा ती शिफारस इथं करत नाही. भांडी विसळलेलं पाणीही चालतं, हेही मुद्दाम सांगत नाही.

यूपीएस घ्याच, पण ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट असं धरून चला. प्रत्यक्षात ते ३६० च्या आसपास असतात. त्यावर मॉनिटर, स्पीकर, राउटर आणि शेवटी लेझर प्रिंटर जोडा. लेझर प्रिंटरचा फ्यूजर तापताना आठशे-हजार वॅट ओढतो. पहिल्याच पानाला यूपीएस किंचाळून बसेल आणि सोबत अर्धवट सेव्ह झालेली टॅलीची एन्ट्रीही घेऊन जाईल. आतली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी पंचवीस अंशाला चांगली राहते. तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य निम्म्यावर येतं. मे महिन्यात बाहेर बेचाळीस असताना पत्र्याच्या खोलीत पडद्यामागं, भिंतीला चिकटवून ठेवलात तर दुसरा उन्हाळा तिला बघवणार नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पाठीमागचं बटण 'यूपीएस' कडे न सरकवता साध्या मोडवरच ठेवा. त्या मोडमध्ये तो खूप खाली-वर झालेलं व्होल्टेजही मुकाट्यानं आत सोडतो आणि बॅटरीवर जायला जरा जास्त वेळ घेतो. पंख्याला तो क्षण कळत नाही, कॉम्प्युटरला कळतो.

पण हे सगळे झाले इतर गावांतही जमणारे उपाय. आपल्या गावाची खासियत रुई. पूर्व भागात खाली माग आणि वर घर, किंवा मागांच्या शेडमध्येच एका कोपऱ्यात हिशेबाचं टेबल. तिथं कॉम्प्युटर जमिनीवर ठेवा. हवेतली कापसाची बारीक रुई समोरच्या जाळीतून आत शिरते आणि प्रोसेसरच्या हीटसिंकच्या पात्यांवर जाऊन बसते. धूळ नुसती बसते. रुई एकमेकींत गुंतते. चार-सहा महिन्यांत पंखा आणि हीटसिंक यांच्यामध्ये एक छोटा टॉवेल विणून तयार. पंखा फिरताना दिसतो, आवाजही जोरात येतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. हवा मात्र पलीकडं जात नाही. प्रोसेसर शंभर अंशांच्या घरात पोचला की जीव वाचवायला स्वतःचा वेग उतरवतो. तीन गिगाहर्ट्झचा एकावर येतो. एक्सेल उघडायला मिनिट लागतं.

इथं घाबरून बॉक्स उघडायचा नाही. "विंडोज स्लो झालंय, फॉरमॅट मारा" असं सांगायचं. मुलगा मशीन दुकानात घेऊन जातो, तिथं कव्हर काढून पंख्याखाली ठेवतो, मशीन थंड होतं, पळू लागतं. परत शेडमध्ये आलं की दोन दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा फॉरमॅट. दर वेळी डेस्कटॉपवर ठेवलेल्या काही फाइली जातात, त्यामुळे घरही आपोआप आवरलं जातं. खरं काम अर्ध्या तासाचं आहे: वायर काढायची, बॉक्स उघड्यावर न्यायचा, पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवून ब्लोअर मारायचा. पातं मोकळं सोडलं तर ते हवेनं भिंगरीसारखं फिरून बेअरिंग बिघडतं आणि उलटा करंट बोर्डात जाऊ शकतो. मग पंखा काढून टॉवेल चिमटीनं उचलायचा, हीटसिंक काढून प्रोसेसरवरची वाळून पापडी झालेली जुनी पेस्ट पुसायची आणि तूरडाळीच्या दाण्याएवढी नवी लावायची. समोरच्या जाळीला बारीक नेटचा तुकडा बांधला तर रुई बाहेरच अडकते आणि आठवड्याला हातानं झटकता येते. इतकं सोपं असल्यानं ते कुणी करत नाही.

गंमत अशी की याच शेडमध्ये जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चादरीची नक्षी पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या कार्डांवरून उतरत आली. भोक आहे की नाही, एवढ्यावर कुठला धागा उचलायचा ते ठरतं. हीच कार्डाची कल्पना पुढं कॉम्प्युटरवाल्यांनी उचलली. त्या जेकार्डला तेल कधी घालायचं हे मागवाल्याला पाठ असतं. शेजारच्या कॉम्प्युटरला मात्र अगरबत्ती.

आणखी एक हुकमी उपाय: मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा बटणसेल, सीआर २०३२. तो संपू द्या. रोज सकाळी मशीन स्वतःची तारीख विसरेल आणि बऱ्याच वर्षांपूर्वीच्या १ जानेवारीला उघडेल. त्या तारखेला आजच्या वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून ब्राउझर जीएसटीपासून बँकेपर्यंत सगळ्यांना दारातून परत पाठवतो. डिजिटल सहीचं टोकनही रुसतं. आता रिटर्नच्या शेवटच्या दिवशी 'सरकारचं सर्व्हर डाऊन आहे' असं मोठ्यानं म्हणायला मोकळे. सरकारचं सर्व्हर खरोखर डाऊन असण्याचा योगही त्याच दिवशी येतो, त्यामुळे तुम्हाला खोटं कुणी पाडू शकत नाही.

पेनड्राइव्ह ऑनलाइन घ्या: दोन टीबी, किंमत चारशे रुपये. आत बऱ्याचदा ३२ जीबीचीच चिप असते आणि कंट्रोलरला खोटी साइज शिकवलेली असते. पहिले ३२ जीबी नीट जातात. पुढचं सगळं 'कॉपी झालं' असं दिसतं, पण जुन्याच फाइलींवर लिहिलं जातं किंवा हवेत विरतं. मुलीच्या लग्नाचे फोटो ठेवायला उत्तम. पूर्ण भरून परत वाचून बघणारी एचटूटेस्टडब्ल्यू, एफथ्री अशी फुकट सॉफ्टवेअरं आहेत. ती चालवलीत तर भ्रम तुटेल.

एवढं झालं की देशाच्या धोरणावर बोलायला तुम्ही पात्र ठरता. सात रस्ता चौकात उभं राहून सांगा, "सरकारनं ड्यूटी वाढवली म्हणून लॅपटॉप महागले." जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती-तंत्रज्ञान कराराखाली लॅपटॉपवर मूळ आयात शुल्क शून्य आहे, वर जीएसटी १८ टक्के, ही माहिती कुणी काढली तर लगेच विषय बदलून परवान्यावर या. ३ ऑगस्ट २०२३ ला लॅपटॉप आयातीला परवाना लागेल असं जाहीर झालं, दुसऱ्याच दिवशी ते ३१ ऑक्टोबरपर्यंत पुढं ढकललं गेलं आणि १ नोव्हेंबरपासून नुसती ऑनलाइन परवानगी घ्यायची व्यवस्था आली. या तिन्हींपैकी पहिलंच लक्षात ठेवा आणि जन्मभर तेच सांगा. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढले ते एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप ओढून घेतल्यामुळं, पण नगरसेवकाला शिव्या देण्यात जे समाधान आहे ते डेटा सेंटरला देण्यात नाही. सोलापूर जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत निवडलं गेलं होतं, ते कुठं म्हणायचं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

सरकारी खरेदी करायची वेळ आली, म्हणजे शाळेची लॅब, ग्रामपंचायतीचं ऑफिस, तर घरचीच पद्धत मोठी करून वापरा. टेंडरमध्ये वीस कॉम्प्युटर, एक प्रोजेक्टर आणि उद्घाटनाचा फलक लिहा. अर्थिंग, यूपीएसच्या बॅटऱ्या दर दोन-तीन वर्षांनी बदलण्याचा खर्च, सफाई, वीजबिल, शिकवणारा माणूस, यांतलं एकही कलम घालू नका. घातलंत की रक्कम वाढते आणि फाइल मागं येते. सगळ्यात कमी दरवाल्याला काम द्या. तो दर कमी कुठून करणार? एसएमपीएसमधून. तीन वर्षांची वॉरंटी नक्की मागा, फक्त 'जागेवर येऊन' हे दोन शब्द विसरा. मग बिघडलेलं मशीन एसटीनं जिल्ह्याच्या ठिकाणी कुणी न्यायचं, या प्रश्नावर पहिली दोन वर्षं निघतात.

तोवर विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला असतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षेचं हार्डवेअर लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे तुमचा तो २०११ चा आय-फाइव्ह दारातच अडकतो. त्यावर विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स टाकून आणि एक स्वस्तातली एसएसडी लावून टायपिंग, इंटरनेट, मुलांचा अभ्यास आणखी काही वर्षं चालला असता. टॅली मात्र तिथं सरळ चालत नाही. तुम्ही त्या भानगडीत पडू नका. चोरीचं सॉफ्टवेअर क्रॅक मारून घ्या. ते टाकताना 'अँटिव्हायरस बंद करा' असं ते स्वतःच सांगतं, इतकं प्रामाणिक सॉफ्टवेअर दुसरं नाही.

शेवटी मशीन भंगारात द्या. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यानुसार जुना माल नोंदणीकृत रिसायकलरकडं जायला हवा. पण तो दारात येऊन "भंगाऽऽर" ओरडत नाही. गाडीवाला ओरडतो, रोख देतो आणि वायरी जाळून तांबं काढतो. देण्याआधी क्विक फॉरमॅट मारा. त्यानं फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर तसाच राहतो आणि फुकटच्या रिकव्हरी सॉफ्टवेअरनं परत निघतो. तुमचं सेवा केंद्र असेल तर त्यात दोन-चार हजार लोकांचे आधार, रेशनकार्ड, सातबारे, बँक पासबुकं स्कॅन करून ठेवलेली असतील. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंडाची मर्यादा २५० कोटींपर्यंत आहे म्हणे. एवढे पैसे कुणाकडं असतात? डिस्क बाहेर काढून ड्रिलनं चार भोकं पाडण्याच्या फंदातही पडू नका. अर्ध्या किलोच्या आसपास वजन आहे तिचं, आणि गाडीवाला किलोवर भाव देतो.