“वायर बदलायची गरजच नव्हती” या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की ब्रेक आधीपण लागत होते, ट्रेलरचे लाईट व्यवस्थित होते म्हणजे वायरिंग चांगलंच होतं, आम्ही उगाच सगळी वायर बदलून बिल वाढवलं, वर वायर अ‍ॅक्सलच्या बाहेरून टाय मारून टाकली म्हणजे जुगाड केला, आणि आता पायाने जरा ब्रेक दाबला की ट्रेलर झटका मारतो. दोन स्टार दिलेत, तो तुमचा हक्क आहे, पण हे वाचून उद्या दुसरा कोणी पातळ वायरवर ट्रेलर ओढत राहील म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी लाईटचं. लाईटची वायर वेगळी आणि ब्रेकची वेगळी, प्लगमधली निळी वायर फक्त ब्रेकची असते. एलईडी लाईटला करंट लागतो किती, काहीच नाही, त्यामुळे कुजकी वायर असली तरी लाईट लख्ख पेटतो. ब्रेकचं तसं नसतं, तुमच्या ट्रेलरचे ब्रेक विजेवर चालतात, प्रत्येक चाकात करंटवर चालणारा मॅग्नेट असतो तो ब्रेक लावतो, आणि एकेका चाकाचा मॅग्नेट 3 अँपिअरच्या आसपास खेचतो, तुमचे दोन अ‍ॅक्सल म्हणजे चार मॅग्नेट, झाले 12. तुमच्या ट्रेलरला वायर होती 16 गेजची (गेजचा आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक). समजा प्लगपासून मागच्या चाकापर्यंत 10 मीटर धरले आणि परतीचे 10, तर एवढ्या करंटला तीनेक व्होल्ट वायरमध्येच जातात, म्हणजे गाडीतून 12 निघाले तर मॅग्नेटला 9 मिळतात आणि सांधे खराब असतील तर त्याहून कमी. 12 गेजला हीच घट सव्वा व्होल्टच्या आसपास येते, 10 गेजला त्याहून कमी. चार ब्रेकना 12 गेज म्हणजे कमीत कमी, आम्ही 10 टाकली कारण ट्रेलर लांब आहे आणि हे काम परत परत करायचं नसतं.

आणि सांधे खराब होतेच. दाबून बसवायचे ते निळे क्लिपवाले जॉईंट, त्यात पाणी जाऊन तार हिरवी पडली होती, हाताने ओढली तर निघून आली. तुम्हीच गाडी सोडताना म्हणाला होतात की खड्ड्यात गेलं की कंट्रोलरवर (गाडीतून ट्रेलरच्या ब्रेकला करंट सोडणारा डबा) कधीकधी शॉर्टचा एरर येतो आणि परत जातो. तो कुठून येत होता ते अ‍ॅक्सलमधून वायर बाहेर ओढल्यावर कळलं, पाईपच्या आत वायर मोकळी लोंबत असते, गाडी हलते तसं लोखंडाला घासते, आणि तुमच्या वायरचं प्लास्टिक एका बाजूने सोलून आतलं तांबं चमकत होतं. तांबं पाईपला टेकलं की शॉर्ट, सुटलं की सगळं ओके. असला फॉल्ट गाडी उभी असताना मीटर लावून बसलात तरी सापडत नाही.

म्हणून नवीन वायर पाईपच्या आतून घातली नाही. बाहेरून, जाळीदार पाईपमध्ये, क्लॅम्प मारून, चाकाजवळ थोडी ढील ठेवून नेली आहे. दिसायला कारखान्यातल्यासारखी नाही, मान्य, पण खाली वाकून पाहिलं की कुठे घासतेय का ते दिसतं तरी. परतीची वायरपण तेवढ्याच जाडीची वेगळी टाकली, चासीच्या गंजलेल्या बोल्टवर भरवसा ठेवला नाही. जॉईंट सगळे क्रिंप करून वर गोंदवाली हीट श्रिंक. याला जुगाड म्हणत असाल तर आधीचं जे होतं त्याला काय म्हणायचं?

आता झटक्याचं, कारण खरी तक्रार तीच आहे असं मला वाटतं. तुमच्या कंट्रोलरचा गेन (ट्रेलरच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ती सेटिंग) जुन्या वायरवर सेट केलेला आहे. ब्रेक कमी लागायचे म्हणून तुम्ही तो चढवत चढवत जवळजवळ शेवटाला नेला असणार, सगळेच नेतात. आता तेवढ्याच गेनला मॅग्नेटला पूर्ण व्होल्टेज मिळतंय, मग चाक जाम होणारच. गाडी देताना सांगितलं होतं आणि बिलावरही लिहिलंय की गेन कमी करून परत सेट करा. रिकामा कोरडा सरळ रस्ता बघा, आधी थोडे ब्रेक मारून ड्रम कोमट होऊ द्या, मग 40 च्या स्पीडला कंट्रोलरचा हाताचा लिव्हर पूर्ण दाबा, चाकं लॉक झाली तर गेन उतरवा, नाही झाली तर चढवा, लॉक व्हायच्या जरा आधी थांबायचं. ट्रेलरमध्ये सामान जास्त भरलंत तर परत बघावं लागतं.

वेळ जास्त लागला हे खरंय, अ‍ॅक्सलमधली वायर बघितल्याशिवाय अंदाज देता येत नाही.

एक राहिलं. ड्रम उघडून लायनिंग आणि अ‍ॅडजस्टमेंट बघू का विचारलं तर तुम्ही नको म्हणालात, ते बिलावर आहे. गेन सेट करूनही एकच चाक लॉक होत असेल किंवा एक ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापत असेल तर दोष तिथे असेल, वायरमध्ये नाही. ट्रेलर आणि ओढायची गाडी दोन्ही घेऊन या, गेन तुमच्यासमोर सेट करून देतो, चारही चाकांना किती व्होल्टेज पोचतंय ते मीटरवर स्वतः बघा, त्याचे पैसे नाहीत. ड्रम उघडायचे असतील तर त्याचे मात्र लागतील. येताना ब्रेकअवेची (ट्रेलर गाडीपासून सुटला तर छोट्या बॅटरीवर आपोआप ब्रेक लावणारा स्विच) पिन लावलेली आहे ना तेवढं बघा, मागच्या वेळी ती निघालेलीच होती, तसा ट्रेलर उभा राहिला की छोटी बॅटरी उतरते आणि मॅग्नेट उगाच तापत राहतात.