प्रमाणपत्रावरचा टक्का आणि पुढची दोन वर्षं

2024 मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्व प्रमाणपत्रावरून महाराष्ट्रात वादळ उठलं. तेव्हापासून दिव्यांगांच्या सवलतींवरची चर्चा एकाच जागी अडकली आहे: खरा कोण आणि खोटा कोण. खोट्यांना पकडायलाच हवं. पण विदर्भातल्या धानोऱ्याच्या किंवा धारणीच्या ज्या मुलीचं प्रमाणपत्र अगदी खरं आहे, तिला सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं असेल, तर पुढे तिचं काय होतं, हे ब्रिटनमध्ये बसून मराठी बातम्या वाचताना कुठेच सापडत नाही.

विदर्भात हा प्रश्न जास्त तातडीचा आहे. पूर्व विदर्भ हा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा पट्टा. 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने 2047 पर्यंत या आजाराच्या निर्मूलनाचं लक्ष्य ठेवलं आहे. तपासणी कुठे करायची, त्यावरचं हायड्रॉक्सियुरिया हे औषध प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत कसं पोचवायचं, दुखण्याची कळ उठल्यावर रुग्णाला किती लांब न्यावं लागतं, हे ठरवणाऱ्या टेबलावर तो आजार अंगावर काढलेली माणसं हवीत. त्या टेबलापर्यंत जायला बहुतेक वेळा एमपीएचसारखी (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर) पदवी लागते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया येतात. कलम 32 प्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी किमान 5 टक्के जागा आणि वयात 5 वर्षांची सूट आहे. नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणाचं कलम 34 मात्र रक्ताच्या आजारांचं नावच घेत नाही. म्हणजे कोट्यातून शिकलेली सिकलसेलग्रस्त मुलगी सरकारी भरतीची जाहिरात आली की कोट्याबाहेर. आपल्या आमदार-खासदारांना विचारण्यासारखा प्रश्न हा आहे. त्याच्यावर कोणी पोटतिडकीने बोलताना दिसत नाही, याचं वाईट वाटतं.

आता व्यवहाराचं. सुरुवात यूडीआयडी कार्डापासून, म्हणजे दिव्यांगांच्या राष्ट्रीय ओळखपत्रापासून. अर्ज ऑनलाइन, तपासणी जिल्हा रुग्णालयाच्या बोर्डापुढे. 2024 च्या नियमबदलानंतर बोर्डाला तीन महिन्यांची मुदत आहे, त्यामुळे प्रवेशाची जाहिरात निघाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज टाकावा. आधार, दहावीची सनद आणि कार्ड यांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का, हेही तेव्हाच पाहावं. पुढच्या पडताळणीत अर्ज अडकतात ते बहुधा इथेच.

अभ्यासक्रम जवळच आहेत. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. सुशीला नायर यांच्या नावाच्या स्कूलमध्ये एमपीएच होतं. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आरोग्य धोरण, अर्थशास्त्र आणि वित्त असा खास एमपीएच चालत आला आहे. तिथला मार्ग सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षेतून जातो. प्रवेश परीक्षेत लेखनिक हवा असेल तर फॉर्म भरतानाच तसं नोंदवायचं. तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ हा हक्क आहे, केंद्रप्रमुखाची मेहेरबानी नव्हे.

परदेशाचं काय? इथली, म्हणजे ब्रिटनमधली, एक गोष्ट मला मनापासून पटते. 2010 च्या इक्वॅलिटी ॲक्टमुळे (समानतेच्या कायद्यामुळे) विद्यापीठ अपंगत्वाचा टक्का विचारत नाही, अडचण काय येते ते विचारतं. म्हणून आपलं प्रमाणपत्र इथे अपुरं पडतं: त्यावर टक्का असतो, पण परिणाम नसतो. निघण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्यावं. निदान काय, कधीपासून, वाचायला, लिहायला, बसायला, चालायला, जागं राहायला काय त्रास होतो, कोणती सोय लागते, हे सगळं त्यात हवं. सिकलसेल असेल तर थंडीने दुखणं उठतं हेही लिहून घ्यावं, म्हणजे उबदार आणि वर्गाजवळची खोली मागता येते.

पण इथे सगळंच गोड नाही. दिव्यांग विद्यार्थ्यांचा सरकारी भत्ता स्थानिकांनाच मिळतो. विद्यापीठ परीक्षेत जादा वेळ देईल, सॉफ्टवेअर देईल. आंघोळीला किंवा कपडे घालायला मदतनीस लागत असेल तर त्याचा खर्च कोण करणार, हे प्रवेश स्वीकारण्याआधी लेखी विचारून घ्यावं. जानेवारी 2024 पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या (संशोधनाच्या नव्हे) मास्टर्सला आलेल्यांना जोडीदार सोबत आणता येत नाही. सरकारी शिष्यवृत्तीवाले अपवाद. आई-वडिलांना तर आधीपासूनच आश्रित म्हणून आणता येत नाही. घरच्यांच्या हातांवर ज्यांचा दिवस चालतो, त्यांना हा नियम फार जड जातो.

पैशाचंही तसंच. केंद्राची दिव्यांगांसाठीची परदेश शिष्यवृत्ती देशभरात वर्षाला 20 जणांना मिळते. ब्रिटनसाठी तिचा निर्वाह भत्ता वर्षाला 9,900 पौंड, म्हणजे महिन्याला 825. लंडनबाहेर राहायला महिन्याला 1,136 पौंड लागतात, असं ब्रिटनच्या व्हिसा खात्याने 2025 च्या सुरुवातीला धरलं होतं. दोन्हींमधली तफावत केंद्राने भरून काढली पाहिजे. तोवर तो हिशेब घरी बसून करावा, विमानात नव्हे.

म्हणून माझं मत असं: आधी एमपीएच सेवाग्राम किंवा मुंबईतून करा, मग दोन वर्षं जिल्ह्यात काम करा. परदेशी शिकायला ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती आहे, ती 2,800 तासांचा कामाचा अनुभव मागते. त्यात अर्धवेळ आणि स्वयंसेवी कामही धरतात, म्हणून पहिल्या दिवसापासून तासांची नोंद आणि संस्थेचं पत्र जपून ठेवा. अर्ज साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर असतात. शिक्षण झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची तिची अट अनेकांना खटकते. विदर्भासाठी मला ती अट फायद्याची वाटते. फक्त परत येणाऱ्या त्या मुलीसाठी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात पद असायला हवं, आणि कलम 34 मध्ये तिचा आजारही.