इंडिकेटरवरची दोन मिनिटं

माझी लोकल कायम दोन मिनिटांवर असते. जिना धडाधडा उतरून इंडिकेटर पाहावा तर दोन मिनिटं, घाम पुसून पाहावा तर दोन, शेजारच्या काकांची गुडघेदुखी सविस्तर ऐकून झाली तरी दोनच.

पूर्वी निदान इंडिकेटरला मनसोक्त शिव्या देता यायच्या. सिग्नल खात्यातल्या एका मित्राने नियंत्रण कक्ष दाखवला आणि तेही सुख गेलं. भिंतभर पडदा, त्यावर अख्खी लाइन आडवी पसरलेली. मार्ग लागला की पट्टी पिवळी, गाडी आली की लाल, वर गाडीचा नंबर. समोर बसलेल्यांच्या चहावर साय धरलेली.

"कॉम्प्युटरला गाडी दिसत नाही बरं का," मित्र म्हणाला. "रुळाचा कुठला तुकडा अडलाय, एवढंच कळतं."

रुळांतून बारीकशी वीज सोडलेली असते. गाडी आली की चाकं आणि आस ती मधल्यामध्ये पळवतात, पलीकडच्या टोकाला पोचू देत नाहीत. विल्यम रॉबिन्सन यांची ही १८७२ची युक्ती. गाडी त्या तुकड्यात धावतेय की लाल सिग्नलपुढे डुलक्या काढतेय, याच्याशी विजेला कर्तव्य नाही. कॉम्प्युटर बिचारा नेहमीचा वेग धरून हिशेब करतो आणि फलाटावर पाठवून देतो: दोन मिनिटं. गाडी पुढच्या तुकड्यात सरकेपर्यंत त्याच्या लेखी जग जागच्या जागी.

आणि ही वीज मध्येच कुठे तुटली, तर तुकडा रिकामा असूनही लाल. शंका आली की थांबवा, हा रेल्वेचा धर्म. घरी खुर्चीत बसून तो मला शंभर टक्के पटतो. फलाटावर एका पायावर उभं असताना टक्केवारी घसरते.

१९२७ साली अमेरिकेत, ओहायो राज्यात, एका टेबलाशी बसून मैलोन्‌मैल दूरचे रूळ बदलायचे सांधे आणि सिग्नल फिरवायची सोय झाली. आता ते खटकेही माणसाने दाबायला नकोत. वेळापत्रक बघून कॉम्प्युटरच मार्ग लावतो, आणि दोन लाइनी मिळतात तिथे आधी कोण जाणार हेही सुचवतो. तिथे हमखास माझीच गाडी थांबते.

"नियम काय आहे?" मी विचारलं.

"जिला थांबवल्याने एकूण उशीर कमी होईल, तिला थांबवायचं."

त्या 'एकूण'मधून रोज वजा होणारा तो मी.

तेवढ्यात एका स्टेशनातली लाल पट्टी हलेचना. "हे बघ," मित्र वैतागला. "कुणीतरी दारात लोंबकळतोय. आता मागच्या सगळ्यांना लाल. या दारातल्या लोकांवर कॉम्प्युटरकडे इलाज नाही."

"तू कुठे उभा राहतोस?"

"दारातच. आत शिरलं तर उतरायला मिळत नाही."